मुंबईच्या खाड्यांचं प्रदूषण

ठाणे खाडी, माहीमची खाडी, मालाड-मनोरीची खाडी, या सगळ्यांत शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं केमिकल, तेल आणि प्लास्टिक जातं आणि त्याने तिथले मासे, पक्षी, तिवरं आणि कोळ्यांचा धंदा यांचं जे नुकसान होतं, ते म्हणजे खाड्यांचं प्रदूषण. मुंबईत प्रदूषण म्हटलं की धूर आणि धूळ एवढंच बोललं जातं, खाडीकडे बघतं कोण, ट्रेन पुलावरून जाताना नाक दाबलं की झालं.

मिठी नदीचंच बघा. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ती निघते, साधारण १८ किमी येऊन माहीमला समुद्राला मिळते आणि वाटेत वस्त्यांचं सांडपाणी, तबेल्यांचं शेण, वर्कशॉपचं ऑइल सगळं तिच्यात येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा सगळ्यांना ही नदी आठवली, मग गाळ काढणं सुरू झालं, भिंती झाल्या, पण नाल्यांतून येणारी घाण काही थांबली नाही.

सांडपाणी कुजवायला जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे मासे गुदमरतात किंवा निघून जातात. निवटी, म्हणजे चिखलात राहणारा छोटा मासा, त्यातही तग धरते कारण ती ओल्या कातडीतून हवा घेऊ शकते, पण अंगावर तेलाचा थर बसला की तिचाही तो मार्ग बंद. तिवरांचं तसंच आहे. चिखलात हवा नसते म्हणून त्यांची मुळं पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीला बारीक छिद्रांतून श्वास घेतात. भरतीबरोबर आलेल्या पिशव्या या मुळांना अशा गुंडाळून बसतात की हाताने ओढल्या तरी निघत नाहीत, फाटतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजा-३ या जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेल किनाऱ्यावरच्या तिवरांपर्यंत पोचलं, आणि मुळांवर बसलेलं तेल पुसणार कसं?

आता फ्लेमिंगो. शिवडी, ऐरोली, भांडुपच्या बाजूला ते हजारोंनी येतात आणि लोक लगेच म्हणतात की बघा, खाडी चांगलीच आहे. हे बरोबर नाही. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ वाढतं, आणि 'छोटा फ्लेमिंगो' ही जात मुख्यतः तेच सूक्ष्म शेवाळ खाते, म्हणजे तिचं असणं हे पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नाहीच. त्याच चिखलात कारखान्यांकडून आलेले जड धातू साठतात आणि ते अन्नातून किडे, चिंबोऱ्या, मासे, पक्षी असे वर चढू शकतात. खाडीची तब्येत बघायची तर कोळणीच्या पाटीत काय आहे ते विचारा. डोल जाळ्यात मासळीसोबत प्लास्टिक येतं, ते निवडण्यात वेळ जातो, जाळं फाटतं ते वेगळंच.

ठाणे खाडीतला भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झाला, आणि हे खरंच चांगलं झालं. पण अभयारण्याला हद्द असते, नाल्याच्या पाण्याला नसते. त्यामुळे खरं काम शहराच्या आत आहे: वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे महापालिकेने सांडपाणी प्रक्रियेचे सात नवे प्रकल्प हाती घेतलेत, आणि जे नाले अजून थेट खाडीत उतरतात ते तिथपर्यंत वळवणं हेही तितकंच गरजेचं आहे.