क्वेकर कुटुंबांचे पश्चिमेकडील स्थलांतर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांच्या वंशजांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत व्हर्जिनिया, कॅरोलायना आणि पुढे ओहायो, इंडियाना असे टप्प्याटप्प्याने केलेले स्थलांतर. जमिनीची ओढ त्यांना इतर वसाहतवाल्यांइतकीच होती. परंतु कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोबतीने निघायचे हे बहुधा सोयरीक आणि शेजार यांवरून ठरे. त्यामुळे एकट्यादुकट्या माणसापेक्षा सबंध गोतावळाच हळूहळू पुढे सरकलेला दिसतो.

क्वेकर नेते विल्यम पेन यांना १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीची सनद मिळाल्यावर इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमधून क्वेकर कुटुंबे आली. दोन-तीन पिढ्यांतच फिलाडेल्फियाभोवतालची जमीन महागली आणि सर्व मुलांना पुरेल एवढे शेत उरेना. १७३० च्या दशकात अलेक्झांडर रॉस व मॉर्गन ब्रायन यांनी व्हर्जिनियातील शेनँडोआ खोऱ्यात कुटुंबे वसवली. नॉर्थ कॅरोलायनात केन क्रीक (१७५१) आणि न्यू गार्डन (१७५४) येथे मासिक सभा, म्हणजे दरमहा भरून स्थानिक क्वेकरांचा कारभार पाहणाऱ्या संस्था, स्थापन झाल्या. न्यू गार्डन हे नाव आयर्लंडमधून पेनसिल्व्हेनियात, तेथून कॅरोलायनात आणि अखेर इंडियानात पोहोचले.

या साखळीचा कणा म्हणजे मासिक सभा. गाव सोडणाऱ्या सभासदाचे वर्तन, देणीघेणी आणि अविवाहितांच्या बाबतीत विवाहाची मोकळीक यांची चौकशी करून सभा त्याला दाखला देई आणि तो नव्या ठिकाणच्या सभेपुढे मांडला जाई. अनोळखी मुलखात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याची पत अशी सिद्ध झालेली असे. विवाह पंथातच करावा लागे, सख्ख्या चुलत-मामे भावंडांचे विवाह निषिद्ध होते, आणि विवाहपत्रावर उपस्थित नातलग व शेजारी साक्षीदार म्हणून सह्या करीत. साहजिकच काही पिढ्यांत एका सभेतील बहुतेक घरे एकमेकांची सोयरी झाली. एक भाऊ निघाला की मेहुणे, व्याही आणि त्यांचे शेजारी मागोमाग निघत.

पंथाबाहेर विवाह करणाऱ्यास सभासदत्व गमवावे लागे. पण सभा सुटली तरी शेजार सुटत नसे. सीमाप्रदेशातील प्रसिद्ध वाटाडे डॅनियल बून यांचे वडील स्क्वायर बून यांना मुलाच्या अशा विवाहाबद्दल खेद व्यक्त करण्यास नकार दिल्यामुळे एक्झिटर येथील सभेने वगळले. १७५० मध्ये हे कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून नॉर्थ कॅरोलायनातील यॅडकिन खोऱ्याकडे निघाले. उपर्युक्त मॉर्गन ब्रायन यांचे कुटुंबही त्याच खोऱ्यात आले होते, आणि त्यांची नात रिबेका हिच्याशी डॅनियल यांचा १७५६ मध्ये विवाह झाला. पेनसिल्व्हेनियात बून घराण्याचे शेजारी असलेल्या लिंकन घराण्यातही डॅनियल यांची चुलतबहीण ॲन १७६० मध्ये सून म्हणून गेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन याच घराण्यातले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या प्रवाहाला नैतिक निकड आली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती जमिनीच्या ओढीइतकीच प्रबळ होती. नॉर्थ कॅरोलायनातील क्वेकरांनी गुलाम बाळगणे निषिद्ध ठरवले होते, मात्र तेथील कायदा गुलामांना मुक्त करण्याच्या आड येई. याउलट ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात १७८७ च्या अध्यादेशाने गुलामगिरीस बंदी होती. साउथ कॅरोलायनातील बुश रिव्हर येथील वस्ती काही वर्षांत जवळजवळ रिकामी झाली. ओहायोत मायामी (१८०३) व इंडियानात व्हाइटवॉटर (१८०९) या मासिक सभा आणि १८२१ मध्ये अनेक मासिक सभांना एकत्र आणणारी इंडियानाची वार्षिक सभा उभी राहिली. न्यू गार्डन परिसरात जन्मलेले लिव्हाय कॉफिन १८२६ मध्ये इंडियानात न्यूपोर्ट येथे आले; त्यांचे घर पळून आलेल्या गुलामांचे महत्त्वाचे आश्रयस्थान ठरले. शांततेचा आग्रह धरणारा हा समाज ज्या भूमीवर वसला, त्यातील दक्षिण ओहायोचा मोठा भाग मूलनिवासी जमातींना युद्धातील पराभवानंतर १७९५ च्या ग्रीनव्हिल कराराने सोडावा लागला होता, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

जन्म, मृत्यू, विवाह, स्थलांतर आणि सभासदत्वाचा लोप यांच्या सभांनी ठेवलेल्या नोंदी वंशावळीच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. स्त्रियांच्या सभा स्वतंत्र असल्याने त्यांत स्त्रियांची नावे व माहेरची घराणीही आढळतात. जमीनखरेदीच्या व करांच्या कागदपत्रांत ती क्वचितच मिळतात.