क्लुम्पके पाल्सीमागची क्लुम्पके

अवघड बाळंतपणात बाळाचा हात ओढला गेला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांपैकी सगळ्यात खालच्या दुखावल्या, की खांदा-कोपर हलतं पण पंजा लुळा पडतो, बोटं वळून राहतात, कधी त्याच बाजूची पापणीही झुकते. ही क्लुम्पके पाल्सी (पाल्सी म्हणजे लकवा). मेडिकलला नाव सगळ्यांना पाठ असतं, पण क्लुम्पके ही बाई होती हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि मला ते फार खटकतं.

ऑगस्टा क्लुम्पकेचा जन्म १८५९ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आई मुलांना घेऊन युरोपात आली, तिथे मादलेन ब्रेस नावाची बाई फ्रान्समध्ये डॉक्टर झाल्याचं तिच्या वाचनात आलं आणि तिने ऑगस्टाला पॅरिसला मेडिकलला घातलं. (काय आई असेल ही! दुसरी मुलगी चित्रकार, तिसरी खगोलशास्त्रज्ञ, चौथी व्हायोलिनवादक.) प्रवेश मिळाला, पण हॉस्पिटलात इंटर्न व्हायला जी स्पर्धा परीक्षा लागायची तिला बायकांना बसूच देत नव्हते, डॉक्टरांनी विरोधात सह्यांचे अर्ज केले. शेवटी जुलै १८८५ मध्ये प्रीफेक्ट (सरकारने नेमलेले पॅरिसचे प्रशासक) पूबेल यांनी परवानगी दिली. फ्रेंच लोक कचऱ्याच्या डब्याला पूबेल म्हणतात ते यांच्याच नावावरून. १८८६ मध्ये ऑगस्टा इंटर्न झाली, पॅरिसमधली पहिली बाई.

आणि ज्या वर्षी परीक्षेला बसू द्या म्हणून भांडण चालू होतं त्याच १८८५ मध्ये या पाल्सीवरचा तिचा शोधनिबंध आला! पंजा आणि डोळा एकाच वेळी कसे बिघडतात, तर डोळ्याच्या बाहुलीकडे जाणारे सिम्पथेटिक तंतू (आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या नसांचे धागे) छातीच्या पहिल्या नसेच्या मुळातून निघतात, ते मूळ दुखावलं की दोन्हीकडे परिणाम, हे तिने दाखवलं. वय पंचवीस.

१८८८ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट ज्यूल देजरीनशी लग्न झालं. मेंदूच्या रचनेवरचा दोघांचा मोठा ग्रंथ दोन खंडांत आला, १८९५ आणि १९०१, पण मुखपृष्ठावर लेखक म्हणून नवरा, आणि ही 'सहकार्य' म्हणून. १९१४ मध्ये मात्र फ्रेंच न्यूरॉलॉजी सोसायटीची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. मग युद्ध, १९१७ मध्ये नवरा गेला, तरी मणक्याला गोळी लागून कमरेखाली लुळे पडलेले सैनिक ती तपासतच राहिली. त्यांच्या सांध्यांभोवती, स्नायूंमध्ये नको तिथे हाड तयार होतं हे तिने सहकाऱ्यासोबत १९१८ मध्ये नोंदवलं, आणि अशा कमरेखालच्या लकव्याच्या (पॅराप्लेजियाच्या) पेशंटमध्ये डॉक्टर ते आजही बघतात.