कॉफी-निष्कर्षण, घरगुती

कॉफी-निष्कर्षण, घरगुती : भाजून दळलेल्या कॉफीबियांतील विद्राव्य द्रव्ये पाण्यात उतरवण्याची क्रिया. भाजलेल्या बीचा सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकीचा चोथा. मात्र विरघळणारे सगळेच चवीला हवे असते असे नाही. आंबट द्रव्ये झपाट्याने उतरतात, कडू व तुरट द्रव्ये सावकाश आणि शेवटपर्यंत येत राहतात. त्यामुळे कॉफी चांगली होणे हे निष्कर्षण कुठे थांबते आणि पुडीच्या सगळ्या कणांतून ते सारखे होते की नाही, यावर अवलंबून असते.

उगम : पूड पाण्यात उकळण्याची रीत सर्वांत जुनी. कापडी पिशवीतल्या पुडीवर गरम पाणी ओतण्याचा प्रघात फ्रान्समध्ये १७११ च्या सुमारास सुरू झाला असे साधारणपणे मानतात. वर पूड, मधे छिद्रांची चकती आणि खाली कॉफी साठवणारे भांडे अशी दुमजली रचना कोणाची, याविषयी एकमत नाही. प्रचलित मत तिचे श्रेय पॅरिसचे आर्चबिशप झां-बातीस्त द बेलॉय यांना देते व काळ १८०० च्या आसपासचा सांगते. दुसऱ्या मतानुसार रूआं येथील औषधनिर्माते देक्र्वाझीय यांचे १८०२ चे उपकरण अधिक महत्त्वाचे. १८०६ मध्ये अद्रो यांना अशा प्रकारच्या साधनावर फ्रेंच पेटंटही मिळाले. बेलॉय हे नाव भांड्याला चिकटले एवढे नक्की. रचनेचे जनकत्व मात्र एका व्यक्तीला न देणे अधिक सयुक्तिक दिसते. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी १८१२ च्या सुमारास या भांड्याचा पद्धतशीर विचार केला. पुडीचा थर सपाट व ठरावीक जाडीचा असावा आणि भांड्याभोवती गरम पाण्याचे आवरण असावे, हा त्यांचा आग्रह होता. थराच्या सारखेपणाचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. कागदी गाळणीची नोंद त्या मानाने स्वच्छ आहे : ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात टिपकागद घालून ती बनवली आणि १९०८ मध्ये बर्लिनच्या पेटंट कार्यालयात तिची नोंदणी झाली.

प्रमाण : एक लिटर पाण्याला ५५ ते ६५ ग्रॅम पूड. एका कपासाठी १५ ग्रॅम पूड व २५० मिलि. पाणी घेतल्यास सुमारे ३० मिलि. पाणी चोथ्यात अडकते आणि २२० मिलि. कॉफी हाती येते. पुडीचा पाचवा हिस्सा, म्हणजे ३ ग्रॅम, त्यात उतरला तर द्रावाची तीव्रता (त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण) १.३५ टक्क्यांच्या जवळ जाते. १९५० च्या दशकात संशोधक लॉकहार्ट यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासातून १८ ते २२ टक्के निष्कर्षण आणि १.१५ ते १.३५ टक्के तीव्रता ही मर्यादा रूढ झाली. अलीकडच्या चवपरीक्षणांत पिणाऱ्यांची आवड या एकाच चौकटीत बसत नाही असे दिसले आहे. सुरुवात करण्यासाठी ती अजूनही उपयोगी आहे. पूड चमच्याने मोजू नये. गडद भाजणीची बी फुगून हलकी झालेली असते, त्यामुळे तेवढ्याच चमच्यात वजन कमी भरते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो.

दळणे : घरच्या कॉफीत सर्वाधिक बिघाड इथे होतो, आणि खर्च करायचाच तर तो इथे करावा. पात्याच्या ग्राइंडरमध्ये बी कापली जात नाही, फुटते. एकाच खेपेत पीठ आणि मोठे तुकडे दोन्ही निघतात. पिठातून कडवटपणा उतरून गेलेला असतो तेव्हा तुकड्यांचा गाभा अजून पुरता भिजलेलाही नसतो, म्हणून तीच कॉफी आंबट आणि कडू एकदम लागते. हा दोष प्रमाण बदलून जात नाही. दोन दातेरी चकत्यांमधले अंतर कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर, हाताने फिरवायचा असला तरी, कण बराच एकसारखा देतो. पात्याचाच वापरायचा झाल्यास थांबत थांबत, भांडे हलवत दळावे व पीठ बारीक चाळणीने काढून टाकावे. दळल्यावर वास झपाट्याने उडतो. दळण आयत्या वेळीच करावे.

पाणी : क्लोरिनचा वास नसावा. ऊर्ध्वपातित पाण्याची कॉफी पोकळ लागते. पाण्यातील बायकार्बोनेट अम्ले मारते. ही अम्ले मारण्याची क्षमता, म्हणजे आल्कता, लिटरला ४० ते ७५ मिलिग्रॅमपलीकडे (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) बरीच गेली की कॉफी सपक, खडूसारखी होते. तापमान ९० ते ९६ अंश से. सांगतात. उकळते पाणी पूड ‘जाळते’ ही समजूत टिकणारी नाही : बी भाजताना २०० अंशांच्या आसपास तापलेली असते आणि गाळणीत ओतताच पाणी काही अंश उतरते. फिकट भाजणीला उकळी नुकती थांबलेले पाणी चालते, गडद भाजणीला ८५ ते ९० अंश बरे. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात तीव्रता आणि निष्कर्षण सारखे ठेवल्यावर ८७ ते ९३ अंशांमधला फरक चवीत फारसा जाणवला नाही.

कृती (कागदी गाळणी) : कागद गरम पाण्याने धुवावा, कागदाचा वास जातो, भांडेही तापते. जाड मिठाएवढी पूड सपाट करून दुप्पट वजनाचे पाणी (१५ ग्रॅमला ३० मिलि.) ओतावे व ३० ते ४५ सेकंद थांबावे. भाजणीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड या वेळात निघून जातो. तो आत राहिला तर पाण्याला कणांपासून दूर ठेवतो. उरलेले पाणी मधून कडेकडे गोल फिरवत दोन-तीन वेळा ओतावे, थेट कागदावर नको. एकूण अडीच ते साडेतीन मिनिटे लागावीत. शेवटी चोथा सपाट दिसावा. एका बाजूला खड्डा पडला असेल तर पाण्याने तिथून वाट काढली, असे समजावे.

कॉफी आंबट व पातळ लागली तर बारीक दळावे. कडू, तुरट लागली तर जाड. चव ठीक पण फार कडक किंवा सौम्य वाटली, तरच पुडीचे प्रमाण बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

अन्य साधने : दट्ट्याच्या भांड्यात (फ्रेंच प्रेस) जाड पूड चार मिनिटे मुरवून, वरची साय मोडून, जाळी हलकेच खाली नेतात, जोराने दाबल्यास गाळ वर येतो. जाळीतून तेले कपात येतात. त्यांतील कॅफेस्टॉल रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते, कागद ते बहुतांशी अडवतो. मोका भांड्यात (आचेवर ठेवून वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढवणारे भांडे) गरम पाणी झडपेच्या खालपर्यंत भरावे, पूड दाबू नये आणि गुरगुर सुरू होताच भांडे आचेवरून उतरवावे. दुधाच्या कॉफीला हा दाट द्राव सोयीचा.

साठवण : बिया हवाबंद, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. भाजल्यावर पहिले चार-पाच दिवस वायू फार असतो, महिन्यानंतर वास उतरू लागतो. फ्रीझरमध्ये ठेवायच्या तर लहान हवाबंद पुड्यांत, आणि पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. थंड बियांवर दव धरते. तयार कॉफी आचेवर ठेवल्यास ती अर्ध्या तासात आंबट-कडू होते, म्हणून ती थर्मासमध्ये ओतून ठेवावी.