कार्ड आयुष्मान, मंदिरही आयुष्मान. मग डॉक्टर फी का घेतो?

लावणीचे दिवस. काकीच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, दोन दिवस अंगात कसकस, पोटऱ्या धरलेल्या. दवाखान्यात निघताना तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून आयुष्मान कार्ड काढलं आणि विचारलं, "ह्यां कार्ड दाखयलंय तर डॉक्टर पैशे घेवचो नाय मां?"

घेणार. तिठ्यावरच्या डॉक्टरांचा या कार्डाशी काडीचा संबंध नाही. पण गावातल्या सबसेंटरच्या पाटीवरही 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं, मग काकीने तरी काय समजायचं? नाव एक, पैशाच्या वाटा दोन, असला हा प्रकार आहे.

दोन्हींचा जन्म २०१८चा. अर्थसंकल्पात 'आयुष्मान भारत' जाहीर झालं तेव्हाच त्याच्या दोन फांद्या होत्या. एक म्हणजे गावातली आरोग्य केंद्रं. त्यांना आधी 'हेल्थ अँड वेलनेस सेंटर' म्हणत, २०२३च्या अखेरीस त्यांचं 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. दुसरी म्हणजे पाच लाखांचं कार्ड, प्रधानमंत्री जन आरोग्य योजना.

कार्डाचा पैसा माणूस अॅडमिट झाल्याशिवाय हलत नाही, हे आधी डोक्यात घट्ट बसवायचं. इथे करार होतो तो रुग्णालयाशी. योजनेत आलेल्या रुग्णालयाला सरकारी भाषेत 'अंगीकृत' म्हणतात. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं. रुग्णालय ऑनलाइन मंजुरी घेतं, उपचार करतं, कागद चढवतं, आणि दावा पास झाला की पैसे मिळतात. हे पैसे कधी विमा कंपनी चुकवते, म्हणजे सरकार कुटुंबामागे हप्ता भरतं आणि कंपनी दावे बघते. कधी मधला माणूस वगळून राज्य आरोग्य हमी सोसायटी ही सरकारची संस्थाच ते चुकते करते. पेशंटला हा फरक दिसत नाही. त्याला दिसतो तो काउंटरवरचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस. डिपॉझिट भरण्याआधी त्यालाच गाठायचं.

महाराष्ट्रात यात आणखी एक गाठ आहे. राज्याची स्वतःची योजना जुनी. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात कोकणातला रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेला जोडली गेली. पूर्वी बहुतेक पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना ती लागू नव्हती आणि राज्याची मर्यादा दीड लाखाची होती. जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग कुठलाही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. वर सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राचं वेगळं वयवंदना कार्ड, तेही उत्पन्न न विचारता.

मंदिराचं अर्थकारण याच्या अगदी उलट. तिथे दावा नाही, पॅकेज नाही. पैसा येतो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. तो आजारावर नाही, माणसं नेमण्यावर आणि औषधांवर खर्च होतो. सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक सबसेंटर, डोंगराळ भागात तीन हजारांमागे. तिथे बसतो तो समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे त्याला सीएचओ म्हणतात. बहुतेक आयुर्वेदाचे किंवा नर्सिंगचे पदवीधर, वर सहा महिन्यांचा कोर्स केलेले. इथला करार रुग्णालयाशी नाही, या एका माणसाशी, तोही मुदतीचा. ठरावीक मानधन आणि कामावर मोजलेला भत्ता: किती जण तपासले, तिशीवरच्यांचं बीपी, साखर, कर्करोगाची तपासणी किती झाली, ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारी ऑनलाइन सल्ल्यातून, किती पेशंट वरच्या डॉक्टरला दाखवले. सेवा कायम करा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले होते. गावाला तपासणारा माणूस मिळतो, पण त्याच्या खुर्चीचा पाय करारावर उभा आहे.

(तिसरा गोंधळ आभा नंबरचा. आरोग्याच्या नोंदींसाठी चौदा आकडी ओळख, बस्स. त्यात पैसा नाहीच.)

या दोन्ही वाटांमध्ये सापडत नाही तो तिठ्यावरचा डॉक्टर, आणि माझ्या मते खरी फट तिथेच आहे. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टर बहुधा सरकारी नोकर नसतो, एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेशी करार केलेला व्यावसायिक असतो. यादीत नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर, त्यांचं वय आणि आजारपण बघून, त्याला मुख्यतः पैसे मिळतात. पेशंट आला नाही तरी मिळतात. आपल्याकडे रात्री दहाला दार उघडणाऱ्या त्या डॉक्टरशी असा करार कुणी केलेला नाही. तो शे-दीडशे घेतो, पुडीत गोळ्या बांधतो, आणि गाव त्याच्याकडेच जातं.

काकीला मी सबसेंटरला नेलं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. सीएचओ बाईंनी पोटऱ्या दाबून बघितल्या, चिखल्या बघितल्या, शेतात उतरता का विचारलं. लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा संशय. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलून डॉक्सीसायक्लिन दिली आणि रक्त तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. काकी कार्ड हातात धरून उभी. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मगे ह्यां कार्ड कित्याक दिल्यांनी?"

"ताप किडनीवर गेलो आणि अॅडमिट व्हावचा लागला, तर."

काकीने कार्ड पिशवीत कोंबलं. "असा वायट बोलां नको."