सीबीटीचा कोर्स आणि सीबीटीचं प्रशिक्षण: घोळ नेमका कुठे होतो

एम.ए. सायकॉलॉजी संपत आलं की ठाण्या-वाशीकडच्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "सीबीटी कुठून करू?" सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणूक तपासून बदलत नेणारी मानसोपचाराची पद्धत. प्रश्न पडला की लगेच चार पोस्टर येतात. दोन दिवसांची कार्यशाळा, सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, तीन महिन्यांचा डिप्लोमा, शेवटी सोनेरी कडेचं सर्टिफिकेट. महिन्याभरात त्यातल्याच कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवर ‘सर्टिफाइड सीबीटी थेरपिस्ट’ झळकतं. कोर्स करू नये असं कुणी म्हणत नाही, जरूर करावा. पण कोर्स ही एक वस्तू आणि प्रशिक्षण ही दुसरी, आणि पोस्टर काढणाऱ्यांना हा फरक पुसट राहिलेलाच बरा वाटतो.

कोर्सबद्दल फार सांगायला नको, बहुतेकांचा एखादा झालेलाच असतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना मांडलेली पद्धत, ऑटोमॅटिक थॉट्सपासून (आपोआप मनात येणारे विचार) कोअर बिलीफपर्यंतच्या (मुळाशी रुतलेल्या समजुती) पायऱ्या, थॉट रेकॉर्ड (प्रसंग, विचार, भावना आणि पुरावा रकान्यांत मांडायचा तक्ता), बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन (माणसाला हळूहळू पुन्हा कामांना लावणं), दुपारी जेवणानंतर एक पेंगुळलेला रोल-प्ले. आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून ठाण्यात आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णींमुळे आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) हा शब्द इथे घरोघरी गेलेला आहे, त्यामुळे ‘आरईबीटी म्हणजेच सीबीटी ना?’ हेही जाता जाता विचारलं जातं. भावंडं आहेत, जुळी नव्हेत. आरईबीटीचे जनक अल्बर्ट एलिस ‘असं झालंच पाहिजे’ या हट्टाला थेट हात घालतात, बेक आधी पुरावा तपासायला बसवतात. या फरकापायी कुणाचं करिअर अडलेलं नाही.

कायद्याचा भाग एका परिच्छेदात उरकू. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि आरसीआयची नोंदणी लागते. एम.ए.च्या मार्कशीटवर ‘क्लिनिकल’ हा शब्द छापलेला असला म्हणून ती पाटी लावता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही आरसीआयच्या मान्यतेलाच बांधलेली आहे. सीबीटीचं कुठलंही सर्टिफिकेट, अगदी परदेशी नामवंत संस्थेचं असलं तरी, ही नोंदणी मिळवून देत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: आरसीआयचा नंबर आहे म्हणजे सीबीटी येते, असंही नाही. लायसन्स असणं आणि घोडबंदर रोडवर भर पावसात गाडी चालवता येणं, या दोन गोष्टी जितक्या वेगळ्या, तितक्याच याही.

आता खरी मेख. कोर्स आणि प्रशिक्षण यांतला फरक सांगा म्हटलं की लोक कालावधी सांगतात, फी सांगतात, फार तर ‘प्रशिक्षणात सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टची देखरेख) असतं’ म्हणतात. हे शेवटचं उत्तर बरोबर आहे आणि सगळा घोटाळाही त्याच शब्दात आहे. कारण आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना सुपरव्हिजन म्हणतात. एकीत शिकाऊ थेरपिस्ट सेशनबद्दल सांगतो आणि सीनियर ऐकतो. दुसरीत सीनियर सेशन ऐकतो. पहिली म्हणजे केस डिस्कशन. ती उपयोगाची आहे, पण तिने थेरपी शिकवली जात नाही, कारण शिकाऊ माणूस आपण काय केलं हे सांगत नसतो, आपण काय केलं असं त्याला वाटतं ते सांगत असतो.

एक नमुना घेऊ. वाशीहून ठाण्याला रोज लोकलने येणारी चौतिशीतली बाई, पॅनिक अटॅकची तक्रार. केस डिस्कशनमध्ये शिकाऊ थेरपिस्टची नोंद अशी असते: "सॉक्रॅटिक क्वेश्चनिंग वापरलं. क्लायंटला विचारातली चूक लक्षात आली. पुढच्या आठवड्यात थॉट रेकॉर्ड दिला." सीनियर मान डोलावतो. छान. सेशनची टेप, म्हणजे रेकॉर्डिंग, लावली तर ऐकू येतं ते हे:

"ऐरोली सुटलं की छातीत धडधडायला लागतं. वाटतं, आता आपण इथेच कोसळणार."
"पण आजवर कधी कोसळलात का?"
"नाही."
"मग! म्हणजे हा विचार काही खरा नाही, हो ना?"
"हो... तसं बरोबर आहे तुमचं, मॅडम."

सॉक्रॅटिक क्वेश्चनिंग म्हणजे उत्तर न सुचवता, प्रश्न विचारत समोरच्यालाच ते शोधू देणं. यात सॉक्रेटिस कुठेच नाही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर विचारणारीच्या खिशात तयार आहे, दोन्ही हो-नाहीत संपणारे आहेत, आणि ‘बरोबर आहे तुमचं, मॅडम’ हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. डॉक्टर, मास्तर, मॅडम यांच्यासमोर माणूस असंच बोलतो. बाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच उत्तर आहे, जे कुणी विचारलंच नाही: कोसळले नाही, कारण दांडा घट्ट धरला होता, पाण्याची बाटली हातात होती आणि दाराजवळ उभी होते. पॅनिकचं कोडं नेमकं इथे आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या मॉडेलनुसार शरीरातल्या साध्या धडधडीचा अर्थ ‘आता मरणार’, ‘आता पडणार’ असा लावला जातो. जे घडणारच नव्हतं ते टळल्याचं श्रेय माणूस दांड्याला आणि बाटलीला देतो, म्हणून दहा वर्षं रोज लोकलने जाऊनही भीती जात नाही. ‘आजवर कधी पडलात का’ या प्रश्नाने त्या दांड्याचंच महत्त्व वाढवलं. विचारायला हवं होतं: "पडला नाहीत, ते कशामुळे असं तुम्हाला वाटतं?" आणि मग गप्प बसायचं, दहा सेकंद लागली तरी.

त्या उत्तरातून प्रयोग निघतो. ऐरोली ते ठाणे डब्याच्या मध्यावर उभं राहायचं, बाटली बॅगेत, दांड्याला हात नाही. निघण्याआधी भाकीत लिहायचं: ‘पडेन, ८० टक्के खात्री’. उतरल्यावर काय झालं ते लिहायचं. टेप न ऐकणाऱ्या सीनियरला या प्रयोगाची गरजच कळत नाही, कारण त्याच्यासमोरच्या कागदावर ‘चूक लक्षात आली’ असं लिहिलेलं असतं.

टेपशिवाय न सापडणारी दुसरी चूक निव्वळ मराठी आहे. मराठीत ‘वाटतं’ हे एकच क्रियापद भावनेलाही चालतं आणि विचारालाही. ‘मला भीती वाटते’ ही भावना, ‘मला वाटतं सगळे माझ्याकडेच बघतायत’ हा विचार. शिकाऊ थेरपिस्ट विचारतो, "तेव्हा काय वाटलं?" क्लायंट सांगतो, "वाटलं, आपली काही किंमतच नाही." आणि हे वाक्य थॉट रेकॉर्डमध्ये भावनेच्या रकान्यात जाऊन बसतं, शेजारी ‘७० टक्के’. मग पुढचे रकाने कोसळतात: भावनेच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा कसा शोधणार? म्हणून दोन वेगळे प्रश्न ठेवावेत: "त्या क्षणी डोक्यात काय आलं?" आणि "जिवाची अवस्था कशी होती: राग, भीती, लाज, दुःख?" इंग्रजीतून शिकलेल्या आणि मराठीतून सेशन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची इथे एकदा तरी गफलत होते. ते इंग्रजी पीपीटीतून कळणार कसं?

टेप ऐकणं म्हणजे सहज कान देणंही नव्हे. थेरपिस्टचं कौशल्य जोखणारं सीटीएस-आर नावाचं मोजमाप आहे. त्यात बारा बाबी असतात: अजेंडा, गाइडेड डिस्कव्हरी (क्लायंटला स्वतः शोधू देणं), सेशनचा वेग, गृहपाठ वगैरे. प्रत्येकीला ० ते ६ गुण, एकूण ७२, आणि उत्तीर्ण व्हायला साधारणतः ३६ धरतात. वरच्या संवादाला गाइडेड डिस्कव्हरीत फार काही मिळणार नाही. सेशनच्या शेवटच्या दोन मिनिटांत, क्लायंट चप्पल घालत असताना दिलेला गृहपाठ हा दुसरा नेहमीचा खड्डा. गृहपाठाला दहा मिनिटं राखून ठेवावी लागतात, तो का करायचा हे क्लायंटच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं, कधी आणि कुठे करणार तेही ठरवावं लागतं. ‘क्लायंट गृहपाठच करत नाहीत हो’ ही तक्रार करणाऱ्याने आधी आपली शेवटची दहा मिनिटं ऐकावीत.

प्रशिक्षणाचा आकार केवढा असतो, याचा अंदाज यावा म्हणून ब्रिटनमधल्या बीएबीसीपी या, सीबीटी थेरपिस्टना मान्यता देणाऱ्या संस्थेची किमान अट बघावी. ही मान्यता तिथेही ऐच्छिक आहे, आपल्याकडे तिची सक्ती नाही, पण मापाला मोजपट्टी लागतेच. ४५० तासांचं शिक्षण, २०० तासांचं देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, किमान ८ क्लायंट आणि किमान ४० तास सुपरव्हिजन. शिवाय काही क्लायंटची सेशन्स टेपवर किंवा प्रत्यक्ष बघून बारकाईने तपासलेली असावी लागतात. आता शनिवार-रविवारची कार्यशाळा घ्या: रोज सहा तास धरले तर बारा. चहाची सुट्टीही शिक्षणात मोजली तरी ४५० तासांसाठी अशा अडतीस कार्यशाळा लागतील. आठवड्याला चार क्लायंट बघितले तर २०० तासांना पन्नास आठवडे, आणि गणपती, दिवाळी, परीक्षा, ऐनवेळी रद्द झालेली सेशन्स धरली तर दीड वर्ष सहज. ‘तीन महिन्यांत थेरपिस्ट’ हे गणितातच बसत नाही.

ठाण्यात किंवा नव्या मुंबईत बसून हे जमवायचं तर तुकडे जोडावे लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. शिक्षणाचा भाग कोर्समधून घ्या, ऑनलाइनही चालेल. क्लायंट अशा ठिकाणी बघा जिथे सायकियाट्रिस्टकडे पाठवण्याची सोय हाताशी आहे. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, शून्यापेक्षा वरचं उत्तर आलं की त्याच सेशनमध्ये पुढची विचारपूस करावी लागते, आणि मागे कुणी नसेल तर एकट्याने ते निभावू नये. पैसे मात्र सुपरव्हिजनवर खर्च करा. दोन कोर्स कमी करा आणि टेप ऐकणारा माणूस शोधा. फी भरण्याआधी विचारा: माझ्या किती टेप ऐकल्या जातील, कुठल्या मोजमापावर, गुण लेखी मिळतील का, आणि कमी पडलो तर काय? ग्रुप सुपरव्हिजन असेल तर भागाकार करा. तासाला आठ जण म्हणजे माणशी साडेसात मिनिटं, त्यात टेपचा एक तुकडाही धड ऐकून होत नाही. चार जण हे बरं. ‘आमच्याकडे लाइव्ह डेमो असतो’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा, कारण डेमोत सीनियर थेरपी करतो आणि तुम्ही ऐकता. आपल्याला हवं होतं ते याच्या बरोब्बर उलट.

टेपला क्लायंट तयार होत नाहीत ही सबब खूप ऐकू येते. बरेचदा अडखळत विचारणाऱ्याचीच भीती असते. संमती लेखी घ्या, मराठीत घ्या, थेरपीच्या संमतीपासून वेगळ्या कागदावर घ्या. त्यात टेप कोण ऐकणार, कशासाठी आणि कुठल्या तारखेला पुसणार हे लिहा, आणि नाही म्हटलं तरी थेरपी तशीच चालू राहील हेही लिहा. आवाज पुरतो, व्हिडिओ लागत नाही. शक्यतो साधा व्हॉइस रेकॉर्डर वापरा. फोनच वापरणार असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका आणि रेकॉर्डिंगचा क्लाउड बॅकअप आधी बंद करा, नाहीतर बाईंचा ऐरोलीचा किस्सा घरच्या टॅबवरही जाऊन बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून टेप पाठवणं तर अजिबात नाही. आणि ठरलेल्या तारखेला ती पुसून क्लायंटला तसं सांगा, पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच.