स्वेटर, विंडचीटर आणि ठाण्याची थंडी: हिवाळ्यात धावण्याच्या कपड्यांची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत पळणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर हा प्रश्न येतोच: उद्या पहाटे काय घालायचं? दरवर्षी तोच प्रश्न आणि दरवर्षी तीच वादावादी. माझ्या मते यात थंडीचा दोष कमी आहे. कपड्यांसाठी आपण जे शब्द वापरतो ते दुसऱ्याच कुठल्या तरी थंडीतून आले आहेत, खरा घोळ तिथे आहे.

आधी इथली थंडी. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी पारा ३० च्या वर जातो. तिथला आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी किंवा नवी मुंबईत खारघरच्या डोंगराकडे पहाटे भर शहरापेक्षा गार लागतं, पण उत्तरेचा वारा दोन-चार दिवस टिकतो आणि ओसरतो. त्यात खाडीमुळे हवेत दमटपणा असतोच. पळताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता म्हणून बाहेर पडते. म्हणून जगभरचे पळणारे बाहेरच्या तापमानात दहाएक अंश मिळवतात आणि त्या हिशेबाने कपडे घालतात. १७ मध्ये १० मिळवले तर काय घालायचं ते उघड आहे.

तरीही आपण स्वेटर घालतो. हा शब्द इंग्रजीतल्या घामाच्या शब्दावरूनच आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात वजन उतरवण्यासाठी मुद्दाम घाम काढणारे जाड कपडे वापरत, त्यांना हे नाव होतं. पुढे शतकाच्या अखेरीस वल्हवणारे आणि मैदानी खेळाडू जे लोकरी बनियन घालायचे त्यालाही तेच नाव पडलं. आपल्याकडे तो शब्द आला तोवर त्यातला घाम पुसला गेला होता आणि आजीच्या विणकामाच्या सुया उरल्या होत्या. घाम गाळला की चरबी जाते ही समजूत मात्र टिकून आहे. ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्यांत प्लॅस्टिकसारख्या चकचकीत सूटमधली एक-दोन माणसं आजही दिसतात, आणि ती दिसली की मला काळजी वाटते. घामाने उतरतं ते पाणी. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेजवयीन कुस्तीपटू असंच झटपट वजन उतरवताना दगावले. त्यानंतर, १९९८ च्या सुरुवातीला, तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली.

थरावर थर घालायची पद्धत, म्हणजे आत घाम ओढणारा, मध्ये ऊब धरणारा आणि वर वारा अडवणारा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या १९४३ च्या जाकिटाबरोबर रूढ झाली. तिथून ती गिर्यारोहकांकडे आणि मग धावणाऱ्यांकडे आली. बर्फात ती चोख आहे. ठाण्यात त्यातला पहिला थर पुरतो.

आता विंडचीटर. यावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी याच नावाने होते. शब्दाचा अर्थ वाऱ्याला चकवणारं. मराठीत तो आला आणि पावसाचा झाला. जूनमध्ये स्कूटरवाल्याला लागतो तो विंडचीटर, शाळेच्या दप्तरावरून चढवायचा तोही विंडचीटर. दुकानदाराकडे जूनमध्ये मागा की जानेवारीत, तो तेच जाकीट काढून देतो. पण ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. वारा अडवायला दाट विणीचं पातळ कापड भागतं, आणि त्यातून अंगाची वाफ बरीचशी बाहेर जाते. पाऊस अडवायचा तर कापडाला आतून लेप लागतो, आणि तो लेप जसं बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तसा आतला घामही बाहेर सोडत नाही.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी पावसाळ्यातलंच जाकीट अडकवून उपवनहून येऊरचा चढ चढले. वर पोचून चेन खाली ओढली तर अस्तरावर थेंब धरले होते, कुकरचं झाकण उघडल्यावर आत दिसतात तसे. बाही उलटी केली तर कोपरातून पाणी गळलं. उतारावर तोच घाम गार पडला आणि घरी येईपर्यंत दात वाजत होते. पाणी हवेच्या पंचवीसएक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, हे मला त्या दिवशी कळलं.

महाग जाकीट घेतलं तर? वाफ सोडणारी पण पाणी अडवणारी पातळ त्वचा, म्हणजे कापडाला चिकटवायचा पापुद्रा, १९६९ मध्ये अमेरिकेत सापडली आणि १९७० च्या दशकात तिचे कपडे बाजारात आले. पण आतल्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबात फरक असेल तरच ती त्वचा वाफ बाहेर ढकलते. कोरड्या, कडाक्याच्या थंडीत हा फरक मोठा असतो. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर पहाटे साडेपाचला, खाडीच्या ओल्या हवेत, तो फारसा राहत नाही. लेहच्या सहलीसाठी घेतलेलं जाकीट नेरुळमध्ये का चिकटतं, त्याचं कारण हे. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: कितीतरी बायका जाकीट थंडीसाठी घालतच नाहीत. अंधारातून रस्त्यापर्यंत जाताना लोकांच्या नजरांपासून आडोसा म्हणून घालतात. कापडाच्या कोणत्याही गणिताने हा मुद्दा सुटत नाही.

कापडाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. नेहमीच्या हवेत सुती धागा वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, लोकर १६ टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. लोकर ओल धाग्याच्या आत घेते, त्यामुळे ओली झाली तरी गार लागत नाही. सुती बनियन भिजला की अंगाला चिकटतो आणि काखेत घासतो. ठाण्यात १९२५ पासून लोकरीची गिरणी होती, तरी इथल्या पळणाऱ्यांच्या अंगावर लोकर कधी आलीच नाही. १९७० च्या दशकात घरोघरी टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्र कापड, आलं आणि पॉलिएस्टर म्हणजे उकडणारं कापड ही आठवण मागे ठेवून गेलं. त्यामुळे पुढे जाळीदार विणीचं पॉलिएस्टर आलं तेव्हा जुन्या लोकांनी नाक मुरडलं. आज ते ड्रायफिट या नावाने मिळतं. मुळात हे एका परदेशी कंपनीचं नोंदवलेलं नाव आहे, पण आता फुटपाथवरचा कुठलाही चमकदार टी-शर्ट ड्रायफिटच असतो.

मोठा बदल २००४ नंतरचा. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईत आजची मोठी मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढे ती जानेवारीत गेली. ठाण्याला तोवर पावसाळ्यातल्या शर्यतीची सवय होती, थंडीतली शर्यत नवीन होती. शिवाय इथल्या माणसाला गारठा पळताना लागतच नाही, तो लागतो वाटेत. अलीकडे शर्यतीच्या दिवशी कल्याणहून आणि पनवेलहून पहाटे तीनच्या सुमारास खास लोकल सुटतात. उघडा प्लॅटफॉर्म, दारातून येणारा वारा, मग मैदानात तासभर ताटकळणं. त्या दोन तासांसाठी माणूस जाकीट चढवतो, वर बिब, म्हणजे शर्यतीचा छातीवरचा नंबर, पिनांनी टोचतो, आणि तिसऱ्या किलोमीटरला ते काढायचं म्हटलं तर बिबच आड येतो. म्हणून जाणती मंडळी बिब आतल्या टी-शर्टला लावतात आणि वर टाकून द्यायच्या लायकीचा जुना शर्ट घालतात.

कानटोपीचाही एक इतिहास आहे. शरीराची ४० ते ४५ टक्के उष्णता डोक्यातून जाते असं अमेरिकी सैन्याच्या १९७० च्या एका पुस्तिकेत छापलं गेलं आणि जगभर पसरलं. बाकी अंग झाकून डोकं उघडं ठेवलेल्या चाचण्यांवरून तो आकडा निघाला होता. खरा वाटा दहा टक्क्यांच्या आतबाहेर, डोक्याच्या आकाराएवढाच, असा खुलासा २००८ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात झाला. पण “कानाला वारं लागेल, टोपी घाल” म्हणणारी आई तेवढ्यापुरती बरोबर असते. कान खरंच दुखतात. त्याला एक पातळ पट्टी पुरते.

गेल्या काही वर्षांत इथे सुट्या बाह्या आल्या. सायकलवाल्यांकडून आलेली ही वस्तू मनगटापासून दंडापर्यंत चढते, बनियनला कुठेच शिवलेली नसते. पाम बीचवर जानेवारीत त्या सहा वाजता वर असतात, साडेसहाला मनगटाशी गोळा होतात, आणि परतताना बेलापूरच्या बाजूने ऊन अंगावर आलं की उन्हासाठी पुन्हा वर ओढल्या जातात.