‘आमनं मत गयं कथा?’ (आमचं मत गेलं कुठे?)

सरपंच आणि नगराध्यक्ष आम्हीच थेट निवडू, या मागणीचं मूळ खान्देशात बहुतेक जण गेल्या आठ-दहा वर्षांत शोधतात. मला ते फैजपुरात दिसतं. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या या गावी काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मत दिलं होतं ते मालमत्ता, कर, शिक्षण पाहून. ज्यांच्या घामावर कपाशी उभी राहत होती त्या सालदारांना, शेतमजुरांना त्यात जागा नव्हती. फैजपूरने तो कायदा नाकारला आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना समिती मागितली.

सर्वांना मत १९५१-५२ मध्ये मिळालं. सातपुड्यात ते पोचवायला अजूनही कष्ट पडतात. अक्कलकुव्यातल्या मणिबेलीसाठी कर्मचारी नर्मदेतून बोटीने जातात.

पण खरी जखम मत दिल्यानंतरची आहे. जळगाव महापालिकेत २०१८ साली मतदारांनी ७५ पैकी ५७ जागा भाजपला दिल्या. मार्च २०२१ मध्ये त्यातलेच बरेच नगरसेवक फुटले आणि शिवसेनेच्या उमेदवार ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. राज्यात स्थानिक संस्थांसाठी १९८६ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, तरी हे घडलं. कोणता पक्ष बरा, हा वाद वेगळा. मतदाराला न विचारता त्याचा कौल फिरला, याचा मला आजही राग येतो.

थेट निवडीचं आकर्षण इथूनच कळतं. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. तिच्यातही अडचण आहे: सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं, की ठराव अडलेच. पण अशा सरपंचावरचा अविश्वास सदस्यांच्या मतदानावर संपत नाही, त्यावर ग्रामसभेची मोहोर लागते. गावाने बसवलेला माणूस गावाला विचारूनच उठतो. मला ही तरतूद मोलाची वाटते.

अशी सोय जिल्हा परिषदेत नाही. आणि जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हा निवडणूकच झाली नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले, कारभार प्रशासकाकडे गेला. रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी गटातल्या माणसाने कोणाचं दार वाजवायचं, तर ज्याला त्याने कधी मत दिलंच नव्हतं त्या अधिकाऱ्याचं.